आपलं संशोधन लोकांसमोर मांडताना: सामाजिक शास्त्रांतल्या नव्या प्राध्यापकांसाठी

सामाजिक शास्त्रांत काम करणाऱ्या माणसाला आज ना उद्या आपल्या विषयाबाहेरच्या लोकांपुढे उभं राहावं लागतं. कधी चार सहकाऱ्यांबरोबर परिसंवाद असतो, कधी रेडिओवरची मुलाखत, कधी वाचनालयातलं व्याख्यान. समोरच्यांनी आपला शोधनिबंध वाचलेला नसतो आणि वाचायची त्यांना गरजही नसते. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: याचा समाजाला उपयोग काय? पीएच.डी.च्या काळात या प्रश्नाची तयारी कुणी करून घेत नाही. गाईड प्रकरणं तपासतात, तोंडी परीक्षेत पद्धतीवर प्रश्न येतात, आणि नोकरी लागली की थोड्याच दिवसांत हातात माईक येतो.

हे मार्गदर्शन त्या वेळेसाठी आहे. विषय अर्थशास्त्र असो, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र की मानसशास्त्र, पायऱ्या साधारण याच राहतात. त्या सगळ्यांमागचं माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संशोधनाचा समाजाशी असलेला संबंध भाषणाच्या शेवटी जोडता येत नाही. तो आपण निवडलेल्या प्रश्नातच असतो. लोकांपुढे तो प्रश्न उलगडायचा, काय सापडलं ते सांगायचं, आणि आपला पुरावा कुठे संपतो तेही तितक्याच स्पष्टपणे दाखवायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड आहे आणि त्यावरच लोकांचा विश्वास ठरतो.

१. आधी दावा लिहून काढा

स्लाईड करायला बसण्याआधी कोरा कागद घ्या आणि तीन वाक्यं लिहा. आतापर्यंत काय मानलं जात होतं? मला काय दिसलं? ते मला कशावरून कळलं?

अमर्त्य सेन यांचं दुष्काळावरचं काम या तीन वाक्यांत नीट बसतं. दुष्काळ पडतो तो अन्न कमी पडल्यामुळे, असं मानलं जात होतं. सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल दाखवलं, की त्या वर्षी धान्याचा एकूण पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. तांदळाचे भाव भडकले, शेतमजुरांची मजुरी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही, आणि धान्य असूनही ते मिळवण्याची त्यांची ऐपत गेली. हे कशावरून कळलं? उत्पादनाचे, भावांचे आणि मजुरीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून. पुढे त्या काळच्या उत्पादनाच्या आकड्यांवर इतर अभ्यासकांनी शंका घेतल्या, वाद झाले. पण वाद कशावर आहे हे सामान्य वाचकालाही समजतं, कारण मूळ दावा स्वच्छ आहे.

बहुतेक नवखे लोक दाव्याऐवजी विषय सांगतात. ‘मी शहरातल्या भाड्याच्या घरांवर काम करते’ हा विषय झाला. ‘भाडेकरू घर सोडतात ते भाडं वाढल्यामुळे, असं वाटतं, पण माझ्या मुलाखतींत भाडं वाढण्याआधीच लोक निघालेले दिसले, कारण करार पुढे वाढेल की नाही हे त्यांना कळत नव्हतं’ असं म्हटलं, की दावा झाला. (उदाहरण काल्पनिक आहे, तुमचं खरं हवं.) विषय ऐकून लोक मान डोलावतात. दावा ऐकून ते प्रश्न विचारतात, आणि आपल्याला प्रश्नच हवे असतात.

तीन वाक्यं जमत नसतील तर कारण शोधा. कधी खरोखर दोन वेगळे दावे एकत्र झालेले असतात, मग एक निवडा. कधी निष्कर्ष अजून पिकलेला नसतो. अशा वेळी ‘काम सुरू आहे, आतापर्यंत एवढंच दिसलं’ असं म्हणायला काहीच हरकत नाही. आणि कधी पहिलं वाक्यच चुकलेलं असतं: जे कुणीच मानत नाही ते खोडून काढल्याचं आपण सांगत असतो. म्हणून पहिलं वाक्य विषयाबाहेरच्या दोन-तीन जणांना विचारून पक्कं करा.

२. ‘उपयोग’ म्हणजे कोणता उपयोग?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. उपयोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सरकारी धोरण येतं आणि नवखा संशोधक धोरणाच्या शिफारशी शोधायला लागतो. शिफारशी त्याच्या अभ्यासातून निघत नसल्या तरी तो त्या करतो. सामाजिक शास्त्रं समाजाच्या कामी येतात ती अनेक वाटांनी. तुमच्या कामाची वाट कोणती, हे आधी ओळखा.

एक वाट थेट निर्णयापर्यंत जाते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि ‘छान बाहुली कोणती’ असे साधे प्रश्न विचारले. बऱ्याच मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या केलेल्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख होता. या प्रयोगांच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ टीका झाली. निर्णयाच्या जवळ गेलेल्या संशोधनाची अशी कसून तपासणी होणारच, आणि ती झाली पाहिजे.

दुसरी वाट मोजमापाची. देशाची प्रगती फक्त उत्पन्नावरून मोजू नये म्हणून अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरलं. एवढी गुंतागुंत एका आकड्यात कोंबणं सेन यांना सुरुवातीला पटलं नव्हतं, तरी ते त्या कामात सामील झाले. वर्तमानपत्रांत देशांच्या यादीतला क्रमांक दरवर्षी छापून येऊ लागला आणि आरोग्य, शिक्षण यांवरची चर्चा अर्थव्यवस्थेच्या पानावर पोहोचली. मोजण्याची पट्टी बदलली की भांडणाचा विषय बदलतो.

तिसऱ्या वाटेने लोकांना आपल्याच अनुभवाकडे बघण्याची नवी नजर मिळते. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये मांडलेली कल्पना घ्या: बँक चांगली चाललेली असते, ती बुडणार अशी अफवा उठते, सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात आणि बँक खरंच बुडते. आधी खोटी असलेली समजूत लोकांच्या वागण्यामुळेच खरी ठरते. यात शिफारस एकही नाही. पण एखाद्या समाजगटातली मुलं अभ्यासात मागेच राहणार, असं धरून चालणाऱ्या शिक्षकाला ही कल्पना समजली, तर तो वर्गात वेगळं काहीतरी बघू लागतो.

चौथी वाट लांबची आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये जातीवरचा निबंध वाचला. वय होतं पंचवीस. त्यांचा मुद्दा असा, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे. बाकीच्या चालीरीती त्या बंधनाभोवती उभ्या राहिल्या. तेव्हा ती विद्यार्थ्याने केलेली सैद्धांतिक मांडणी होती. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, परिषद रद्द झाल्यामुळे करता न आलेलं आणि म्हणून स्वतः छापून प्रसिद्ध केलेलं त्यांचं भाषण आलं. त्यात जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं ते सांगतात, तेव्हा त्या उपायाला सेमिनारमधल्या विश्लेषणाचाच आधार आहे. १९१६ साली कुणी त्यांना ‘याचा उपयोग काय’ विचारलं असतं, तर पुढच्या वीस वर्षांचा हिशोब त्यांना तरी कुठून देता आला असता?

म्हणून तुमच्या कामाचा तातडीचा उपयोग नसेल तर तसं सरळ सांगा. ‘यातून उद्या नियम बदलणार नाही, पण हा प्रश्न आपण ज्या पद्धतीने विचारतो ती चुकीची आहे, असं मला दाखवता येतं’ हे पूर्ण उत्तर आहे. ओढूनताणून जोडलेला उपयोग लोकांच्या लगेच लक्षात येतो.

समाजशास्त्रज्ञ मायकल बुरावॉय यांनी २००४ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात याच्या जवळची एक विभागणी मांडली होती. त्यातला एक फरक नव्या माणसाने मनात ठेवावा असा आहे: धोरणासाठीच्या कामात प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि आपण उत्तर देतो, लोकांशी होणाऱ्या संवादात प्रश्नही दोघांनी मिळून ठरतो. कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की हे दोन्हीपैकी काय आहे, ते संयोजकांना विचारा. ‘तज्ज्ञांचं मत’ हवं असेल तर तयारी एक, मोकळी चर्चा हवी असेल तर दुसरी.

३. समोर कोण बसणार आहे?

याला फार वेळ लागत नाही. संयोजकांना विचारा: श्रोते कोण, किती वेळ, आधी कोण बोलणार, नंतर प्रश्नोत्तरं आहेत का, ध्वनिमुद्रण होणार का? शेवटचा प्रश्न विसरू नका. बंद खोलीत वीस जणांसाठी बोललेलं वाक्य पुढे कुठेही फिरू शकतं. ज्यांच्यावर तुम्ही संशोधन केलं त्यांच्यापैकी कुणी तिथे असेल, तर तेही आधी माहीत हवं. आणि ते कायम तिथे आहेतच, असं धरून बोललं तर उत्तमच.

४. कसं कळलं, ते सांगा

पद्धत कंटाळवाणी असते म्हणून ती गाळून सरळ निष्कर्षावर या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. मला तो पटत नाही. सामाजिक शास्त्रांच्या विषयांवर प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं: कुटुंब, जात, मतदान, शाळा, पैसा. तुमच्या मतात आणि शेजारी बसलेल्याच्या मतात फरक एवढाच, की तुम्ही ते एका पद्धतीने तपासलं आहे. ती पद्धतच गाळली, तर तुम्ही नुसते एक मतवाले उरता.

पद्धत गोष्टीच्या अंगाने सांगता येते. नमुना म्हणजे काय हे समजावायला १९३६ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक कामी येते. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या आधाराने साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या तुलनेने सुखवस्तू लोकांचे. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकालाचा कल बरोबर सांगितला. ‘तुम्ही फक्त एवढ्याच लोकांना विचारलं?’ असा प्रश्न तुम्हाला नक्की येणार. त्याचं उत्तर या हकिकतीत आहे: किती लोकांना विचारलं याच्याइतकंच ते लोक कसे निवडले हेही महत्त्वाचं असतं.

मुलाखती आणि क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्यांनी तर पद्धत आणखी मोकळेपणाने सांगावी. तुम्ही तिथे किती काळ होता, कुणाच्या ओळखीने पोहोचलात, कोण बोलायला तयार झालं आणि कोण नाही, लोक तुमच्यासमोर कोणत्या गोष्टी टाळत होते. बोलायला नकार देणाऱ्यांचा उल्लेख आवर्जून करा. निष्कर्षावर किती भर द्यायचा, हे श्रोत्याला त्यावरूनच ठरवता येतं.

नेमका तपशीलही पद्धतीचाच भाग आहे. सामाईक मालमत्ता लोक ओरबाडून संपवतात, ती वाचवायची तर सरकारचं नियंत्रण हवं नाहीतर खासगी मालकी, असं मानलं जायचं. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये या विचाराला फार प्रभावी रूप दिलं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली पाटबंधाऱ्यांची, मासेमारीची, कुरणांची उदाहरणं तपासून दाखवलं, की काही अटी पाळल्या तर लोक आपसांत नियम करून अशी मालमत्ता शेकडो वर्षं टिकवतात. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हे सगळं अमूर्तपणे सांगता येतं. पण त्यांनी वापरलेलं एक उदाहरण सांगितलं की सभागृह जागं होतं. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी अभ्यासलेल्या स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावात १५१७ पासून नियम होता, की हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. नियम मोजायला सोपा, गावाला दिसणारा आणि मोडला तर लपणारा नाही. ऑस्ट्रॉम यांच्या अटी काय आहेत, ते या एका नियमातून बरंचसं समजतं. तुमच्या वहीतही असा एखादा तपशील असतो. तो शोधा.

५. आकडे बोलून दाखवताना

लिहिलेला आकडा वाचक पुन्हा वाचू शकतो, ऐकलेला आकडा एकदाच कानावर पडतो. म्हणून भाषणात तीन-चारच आकडे ठेवा आणि ते नीट सांगा. प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं तर ती वाढ २ टक्केबिंदूंची आहे. तीच ५० टक्के वाढ म्हणूनही सांगता येते. दोन्ही खरं, पण दुसरं एकटं सांगितलं तर श्रोत्याची दिशाभूल होते. ‘आधी शंभरात चार जण होते, आता सहा आहेत’ असं म्हणा, वाद मिटतो. उत्पन्नासारख्या गोष्टींत थोड्या श्रीमंतांमुळे सरासरी वर ओढली जाते, तिथे मध्यक सांगा आणि ‘निम्मे लोक याच्या खाली आहेत’ असं त्याचं स्पष्टीकरण द्या.

एका सापळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण टीव्हीवरच्या चर्चांत रोज कुणीतरी त्यात सापडतं. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण ज्या राज्यांत जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसली. यावरून बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले असावेत, असं वाटेल. व्यक्तिगत पातळीवर मात्र उलट होतं: स्थलांतरितांत निरक्षरता जास्त होती. ते स्थायिक झाले होते ते मुळात जिथली स्थानिक लोकसंख्या जास्त साक्षर होती अशा राज्यांत. गटांच्या आकड्यावरून माणसांबद्दल निष्कर्ष काढला की असं होतं. ‘अमुक भागाने अमुक पक्षाला मतं दिली, त्या भागात अमुक समाज जास्त आहे, म्हणजे त्या समाजाने त्या पक्षाला मतं दिली’ हा रोज ऐकू येणारा तर्क याच जातीचा. तो कधी खरा निघेलही, पण या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही. एखाद्या परिसंवादात तुम्ही एवढी एकच गोष्ट लोकांना शांतपणे समजावून सांगितलीत, तरी तो दिवस सार्थकी लागला.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी बोलण्याच्या ओघात ‘मुळे’ हा प्रत्यय सहज निसटतो. भाषण लिहून झालं की त्यातले सगळे ‘मुळे’ आणि ‘म्हणून’ अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर विचारा: हे कारण मी दाखवलं आहे, की धरून चाललो आहे?

६. पुरावा कुठे संपतो

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा शोधनिबंध प्रत्येक नव्या प्राध्यापकाने अभ्यासावा असा आहे. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांच्या अर्थव्यवस्थेची सरासरी वार्षिक वाढ उणे ०.१ टक्का दिसते, असं त्यात होतं. युरोप-अमेरिकेत तेव्हा सरकारी खर्चकपातीचा वाद पेटला होता. ९० हा आकडा राजकारण्यांच्या भाषणांत शिरला आणि तिथे तो धोक्याची ठाम रेषा बनला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो हिशोब पुन्हा करून पाहिला. जुळेना, तेव्हा त्याने लेखकांकडून मूळ फाईल मागवली. स्प्रेडशीटच्या सूत्रात पाच देश सरासरीतून सुटले होते. शिवाय काही वर्षांचे आकडे वगळणं आणि सरासरी काढताना कोणत्या देशाला किती वजन (महत्त्व) दिलं, यांवरही आक्षेप होते. मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांबरोबर त्याने केलेल्या फेरहिशोबात तीच वाढ २.२ टक्के निघाली. लेखकांनी स्प्रेडशीटमधली चूक मान्य केली, मूळ निष्कर्षाचं समर्थन मात्र चालू ठेवलं.

यातून घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. लेखकांनी फाईल दिली म्हणून चूक सापडली. आपला डेटा, प्रश्नावली, हिशोब दुसऱ्याला तपासता येतील असे ठेवणं हे लोकांप्रति असलेलं कर्तव्यच आहे (माहिती देणाऱ्यांची गोपनीयता सांभाळून, अर्थात). आणि गोल आकडा तोंडातून बाहेर पडला की तो आपला राहत नाही. त्याच्या अटी मागे गळून पडतात. म्हणून अट आकड्याच्या आधी सांगा, नंतर नको. ‘एकाच जिल्ह्यातल्या, सरकारी शाळांतल्या मुलांबद्दल बोलायचं तर…’ अशी सुरुवात केली की वाक्य तोडून वापरणं अवघड जातं.

मर्यादा सांगताना पुटपुटू नका. ‘अजून संशोधनाची गरज आहे’ या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. ‘मी फक्त नोकरी करणाऱ्या स्त्रियांशी बोललो, घरी असलेल्या स्त्रियांबद्दल मला यावरून काही सांगता येणार नाही’ हे कळतं.

७. ज्यांनी माहिती दिली ते लोक

१९५८ मध्ये आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावाचं नाव बदललं होतं, माणसांचीही बदलली होती. गावकऱ्यांनी मात्र प्रत्येक व्यक्ती ओळखली. छोट्या गावात ठरावीक पदावर एकच माणूस असतो, मग नाव बदलून काय उपयोग? गाव संतापलं. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी खताच्या गाडीवर वाकलेली लेखकाची प्रतिमा मिरवली. संशोधनाचं स्वातंत्र्य आणि संशोधकाची जबाबदारी यांवर समाजशास्त्रज्ञांत त्यानंतर बराच काळ वाद चालला.

लेखी निबंधात आपण यापेक्षा काळजी घेतो, पण बोलताना घसरतो. प्रश्नोत्तरांत कुणी ‘एखादं उदाहरण द्या ना’ म्हणतं आणि आपण रंगून जातो: तीन मुलांची, शिलाईकाम करणारी, नवरा पोलिसात असलेली बाई. तिच्या वस्तीतल्या माणसाला एवढं पुरे. म्हणून सांगायची दोन-तीन उदाहरणं आधीच निवडून ठेवा, ओळख पटेल असे तपशील काढून टाका, आणि व्यासपीठावर नवं उदाहरण काढू नका. संमतीपत्रावरची सही संशोधनासाठी होती. टीव्हीवर आपली हकिकत सांगितली जाईल असं त्या माणसाला वाटलं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे.

शक्य असेल तिथे निष्कर्ष आधी त्यांनाच सांगा ज्यांच्याकडून ते आले. ते नाराज होऊ शकतात, असहमतही होऊ शकतात. निष्कर्ष बदलायलाच हवा असं नाही, पण त्यांचा आक्षेप तुमच्या मांडणीत आला पाहिजे. माझ्या मते सार्वजनिक भाषणाची यापेक्षा चांगली तालीम नाही.

८. परिसंवादात, सहकाऱ्यांबरोबर

दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ मिनिटांचं तयार करा. दावा पहिल्या दोन मिनिटांत येऊ द्या; आधीच्या अभ्यासांचा आढावा इथे नको. इतर वक्त्यांशी आधी फोनवर बोलून घ्या, म्हणजे तीच पार्श्वभूमी तिघंजण सांगत बसणार नाहीत.

मतभेद झाला तर तो कशावर आहे ते श्रोत्यांना उलगडून सांगा. अर्थतज्ज्ञ म्हणतो योजनेचा परिणाम दिसतो, मानववंशशास्त्रज्ञ म्हणते लोकांना त्या योजनेचा जाच होतो. दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघांनी वेगळी गोष्ट मोजली. हे तिथेच स्पष्ट झालं तर सामाजिक शास्त्रं कशी काम करतात ते लोकांना प्रत्यक्ष दिसतं.

९. प्रश्न आल्यावर

‘आमच्याकडे तर असं नाही’ हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. त्या माणसाचा अनुभव खोडू नका. तुमचा निष्कर्ष बहुतेकांबद्दल आहे, अपवाद त्यात बसतात, हे सांगा आणि त्याला उलट विचारा: तुमच्याकडे वेगळं काय आहे? पुष्कळदा पुढच्या अभ्यासाचा प्रश्न तिथेच मिळतो.

‘तुमचं स्वतःचं मत काय?’ असंही विचारतील. मॅक्स वेबर यांनी १९१७ मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात यावर नेमकं बोट ठेवलं होतं. वर्गात विद्यार्थ्यांना गप्प बसून ऐकावं लागतं, तिथे शिक्षकाने आपलं राजकारण लादू नये. सार्वजनिक सभेत मात्र लोक उलट बोलू शकतात, तिथे भूमिका उघडपणे घ्यावी. नव्या माणसाने यातून एवढं उचलावं: मत जरूर द्या, फक्त ‘आतापर्यंत अभ्यासाबद्दल बोललो, आता नागरिक म्हणून बोलतो’ असं म्हणून द्या.

विषयाबाहेरच्या प्रश्नाला ‘हा माझा अभ्यासाचा भाग नाही’ म्हणा आणि कुणाला विचारावं ते सांगा. चिडून आलेल्या प्रश्नातला राग बाजूला काढला की उरतो तो बहुतेक वेळा साधा आणि रास्त प्रश्न असतो. त्याला उत्तर द्या. धमकी किंवा वैयक्तिक शिवीगाळ असेल तर उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही, सूत्रसंचालकाने हस्तक्षेप करावा. हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या.

१०. वार्ताहरांशी बोलताना

बातमी कशाबद्दल आहे आणि कधीपर्यंत हवी आहे, हे आधी विचारा. दावा, अट आणि एक उदाहरण असा छोटा मजकूर लिहून पाठवा. घाईत असलेल्या वार्ताहराला तो हवाच असतो आणि चुका कमी होतात. तुमच्या नावाने छापली जाणारी वाक्यं वाचून दाखवण्याची विनंती करा. मथळा बहुतेक वेळा वार्ताहर देत नाही, डेस्कवरचे लोक देतात, त्यामुळे मथळा चुकला म्हणून वार्ताहराशी संबंध तोडू नका. तथ्याची चूक असेल तर त्याच दिवशी, नम्रपणे, लेखी कळवा. चूक तुमची असेल तर ती जितक्या मोठ्या आवाजात बोलली गेली तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्त करा.

कार्यक्रम संपल्यावर त्याच संध्याकाळी लोकांचे प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुढची प्रश्नावली करताना ती वही उघडी ठेवा, आणि ज्या प्रश्नांना तुम्हाला उत्तर देता आलं नाही त्यांच्यापुढे खूण करा.